धाकटीचा रिफंड

माझी धाकटी जाऊ बसच्या सीटा शिवते. बस खड्ड्यात आदळली तरी तुमचं कंबरडं शाबूत राहतं ते ड्रायव्हरच्या हुशारीने, असं तुम्हाला वाटत असेल तर खुशाल वाटू द्या. तिला त्याचं काही नाही. कुणी तोंडावर कौतुक केलं की ती कान खाजवते आणि दुसरं काम हातात घेते. मी तिच्या जागी असते तर प्रत्येक बसवर माझं नाव रंगवून घेतलं असतं.

खाली दुकान, वर घर असा आमचा संसार. दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला फोमचे थर छताला टेकलेले, दुसरीला रेक्झिनचे गुंडाळे उभे, खिळ्यांचे डबे, आणि मधोमध धाकटीचं मशीन. जाड कातडं असो की तिहेरी रेक्झिन, ते मशीन लोण्यातून सुरी जावी तसं शिवायचं. पहिल्या मोठ्या कामाच्या पैशातून तिने ते घेतलं होतं. धंदा माझ्या नवऱ्याने काढला, पण त्याला नाव आणलं धाकटीने. हे मी तिला कधी सांगितलेलं नाही, आणि इथे लिहिलेलं ती वाचणार नाही, कारण तिला माझं अक्षर लागत नाही. माझी शाळा तिसरीत सुटली. अक्षरं येतात, पण भांडलेल्या बायकांसारखी लांब लांब उभी राहतात.

तर एका सकाळी धाकटी मला म्हणाली, ताई, सुई लागत नाहीये. मी म्हटलं, डोळे गेले असतील, चष्मा कर. ती म्हणाली, दिसतेय हो, बोटांना लागत नाहीये. दुपारी तिला कप धरवेना. संध्याकाळी जिना चढवेना. दुसऱ्या दिवशी ती हॉस्पिटलात होती आणि तिच्या घशात नळी होती. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की अंगातली राखणदार फौज कधी कधी उलटते आणि स्वतःच्याच नसांवर तुटून पडते. आजाराचं नाव एवढं लांब होतं की मला ते आजवर म्हणता आलेलं नाही. मी म्हटलं, घरात भांडायला आम्ही कमी पडलो म्हणून आता अंगातच सुरू झालं.

हसू नका. रडून काय झालं असतं? तेव्हा धाकटीचं अंग लाकडासारखं पडलेलं, आणि हलायच्या त्या फक्त पापण्या. एकदा मिटल्या तर नाही, दोनदा मिटल्या तर हो. मशीन विकायचं का, हे तिला तसंच विचारलं. हॉस्पिटलचं बिल दारात उभं होतं. तिने कितीतरी वेळ माझ्याकडे टक लावून पाहिलं, मग दोनदा पापण्या मिटल्या. कोपऱ्यावरच्या ताडपत्रीवाल्याने मशीन नेलं. चार माणसं लागली उचलायला.

आता माझ्या दिराबद्दल, म्हणजे धाकटीच्या नवऱ्याबद्दल. मी लग्न होऊन आले तेव्हा तो दप्तर घेऊन शाळेत जायचा, म्हणून मी त्याला अजून अरेतुरे करते. वादविवादात एकदा बक्षीस मिळालं, तेव्हापासून सगळे त्याला 'वकील' म्हणतात आणि तोही बिनदिक्कत ओ देतो. माणूस सोन्यासारखा, पण बोलायला लागला की थांबायचं बटण सापडत नाही. बसकंपनीशी बोलणं त्याच्याकडे होतं. तिथल्या मॅनेजरने आम्हाला काम दिलं होतं ते धाकटीचा हात बघून. बाई स्वतः शिवणार असतील तर द्या, असं म्हणून दिलं होतं. ती अंथरुणाला खिळली हे कळलं असतं तर काम दुसरीकडे गेलं असतं, आणि मग औषधं कशाने आणायची? झाकली मूठ सव्वा लाखाची. वकिलाने कंपनीत सांगितलं की तिला जरा कणकण आहे, पण काम तीच बघते. सीटा आम्ही शिवत होतो. मी, वकील आणि आमचे दोन कारागीर, माळ्यावरच्या जुन्या हलक्या मशीनवर. ते मशीन टाका टाकायचं कमी आणि गाळायचं जास्त.

काही महिन्यांनी मॅनेजरला शंका आली. त्याने फोटो मागितला, बाई काम करत असतानाचा.

तेव्हा धाकटी घरी आली होती. नळी निघाली होती, आवाज पुसट फुटत होता, पण मान धरवत नव्हती. आम्ही तिला खुर्चीत बसवून खाली आणलं. मागे रेक्झिनचा पडदा सोडला आणि त्या पडद्यामागे मी उभी राहिले. एक हात तिच्या पाठीला, दुसरा हनुवटीखालून मानेला. समोर अर्धी झालेली सीट ठेवली. वाकडी सुई तिच्या बोटांत चिकटपट्टीने बसवली. वकिलाने फोटो काढला आणि म्हणाला, छान, अगदी पूर्वीसारखी दिसतेस. कारागीरही छान छान म्हणाले. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उद्या वेळ आली तर पुन्हा पडद्यामागे उभी राहीन. घर चालवणाऱ्या बाईला नाटकही चालवावं लागतं.  धाकटीने मात्र वर नेल्यावर भिंतीकडे तोंड करून घेण्याची खूण केली. आम्हाला वाटलं, दमली.

पुढे तिने जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून सांगते. पायाचा अंगठा हलला त्या दिवसापासून ती त्याच्या मागे लागली. अंगठ्यानंतर घोटा, घोट्यानंतर गुडघा. हातांसाठी तिने खिळ्यांचा डबा मागवला. एका डब्यातले खिळे एकेक उचलून दुसऱ्यात टाकायचे. सुरुवातीला तासाभरात एक उचलला तरी नशीब. घाम यायचा, ओठ चावून चावून फुटायचे. माझ्याने बघवेना. मी म्हटलं, अगं, चुंबक देते, पटापट होतील. तर म्हणते, ताई, चुंबकाला येतंच की. मला शिकायचंय. सगळे खिळे झाले की डबा उलटा करायची आणि पुन्हा पहिल्यापासून. माझ्या माहेरी सात भाऊ, सगळे अंगापिंडाने थोराड, पण असा मर्द मी एकही पाहिला नाही.

काठी घेऊन चालायला लागली तशी ती हिशोबाला बसली आणि तिच्या लक्षात आलं की टॅक्सचा रिटर्न भरायचाच राहिलाय. माझा नवरा गेल्यापासून धंदा कागदावर तिच्याच नावे होता. वकिलाला वाटत होतं की टॅक्सवाल्याने भरला असेल. टॅक्सवाला म्हणजे लाँड्रीच्या वरच्या खोलीत बसून लोकांचे टॅक्सचे कागद करणारा किडकिडीत माणूस. त्याला वाटत होतं की आम्ही कागद घेऊन येऊ. दोघेही एकमेकांची वाट बघत बसले आणि शेवटची तारीख मजेत निघून गेली. बसकंपनी दर बिलातून टॅक्स आधीच कापून सरकारकडे भरायची. त्या वर्षी तेवढा टॅक्स लागतच नव्हता, कमाई होती कुठे? म्हणजे कापलेले बरेचसे पैसे परत मिळणार होते. पण रिटर्न भरला तर.

टॅक्सवाला म्हणाला की रस्ता आहे. उशीर माफ करा असा अर्ज करायचा. आजारपणामुळे खरोखरच जमलं नाही हे साहेबांना पटलं तर माफी मिळते आणि रिफंडही मिळतो. पटलं नाही तर पैसे विसरायचे. त्याने अंदाजे आकडा सांगितला. धाकटीने तो ऐकला आणि काठी टेकत थेट ताडपत्रीवाल्याकडे गेली. मी मागोमाग. ताडपत्रीवाला म्हणाला, घेतलं त्या किमतीत परत देतो, पण दुसरं गिऱ्हाईक घिरट्या घालतंय, वर्ष संपेपर्यंतच थांबेन. धाकटीने त्याच्या दुकानात मशीनवरची धूळ बोटाने पुसली. कुणाच्या पोराच्या तोंडावरचं पुसावं तशी. रिफंड आला तर मशीन येणार होतं, नाही तर नाही. दुसरीकडून एवढे पैसे यायला आमच्याकडे झाड नव्हतं.

अर्जाला पुरावे जोडायचे होते. ते काम वकिलाने अंगावर घेतलं. कमी पडायला नको म्हणून त्याने घरातला कागद न कागद गोळा केला. डॉक्टरांची पत्रं, औषधांच्या पावत्या, नळीचं बिल, खाटेचं भाडं. एवढा गठ्ठा की टॅक्सवाल्याने तो दोन्ही हातांनी धरला. वकील म्हणाला, बघाल वहिनी, वाचता वाचता साहेबांना ताप येईल.

ताप आम्हाला आला. महिन्याभराने बोलावणं आलं. सोबत एका फोटोची नक्कल होती, खुलासा करावा म्हणून. तोच फोटो. वकिलाने तो स्वतःच्या हाताने गठ्ठ्यात घातला होता. ती किती वाळली होती हे साहेबांना दिसावं म्हणून घातला होता हो. गालांची हाडं दिसत होती त्यात, ते खरं, पण हातात सुईही दिसत होती. आणि कंपनीला द्यायच्या घाईत त्याने घरच्या प्रतीच्याही मागे लिहून ठेवलं होतं: 'मालकीणबाई स्वतः सीटकाम करताना', खाली महिना. रिटर्न भरायची शेवटची तारीख गेली, तोच महिना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

त्या संध्याकाळी वरच्या खोलीत बैठक बसली. टॅक्सवाल्याचा चेहरा इस्त्रीचा चटका बसल्यासारखा झाला होता. तो म्हणाला, साहेब विचारणार की सुई चालवता येत होती तर सही करता येत नव्हती का? वकिलाने तोड काढली. फोटो आदल्या वर्षीचा आहे म्हणायचं. महिना आपण चुकून लिहिला म्हणायचं. फोटोवर तारीख छापलेली नाही, कोण तपासणार? टॅक्सवाला खाली बघून म्हणाला की मी काही ऐकलेलं नाही, पण असं कुणी म्हटलं तर ते खपेल. मलाही पटलं. खरं सांगायचं तर कंपनीला फसवलं ते उघडकीला येणार, काम जाणार. खोटं सांगायचं तर रिफंडही येतो आणि कामही राहतं. मी साक्षीदार म्हणून दोनदा म्हणूनही दाखवलं: फोटो आधीचा आहे साहेब, तेव्हा ही चांगली धडधाकट होती. वकील म्हणाला, वहिनी, तुम्ही नाटकात जायला हवं होतं. मी म्हटलं, तुझ्या घरात आले तेव्हापासून तेच करतेय.

धाकटी खिडकीपाशी बसून ऐकत होती. तिने एवढंच विचारलं की फोटोत ताईंची बोटं दिसतात का. वकील म्हणाला, नाही नाही, कुणाच्या लक्षातही येणार नाही.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच बाहेर पडली. पाय मोकळे करून येते म्हणाली. दुपार कलल्यावर परतली तेव्हा बुटांना डेपोतलं काळं तेल लागलेलं होतं. मला वाटलं, रस्त्यातलं असेल.

बोलावणं त्याच्या दुसऱ्याच दिवशीचं होतं. टॅक्सचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टच्या दारावर 'बंद' अशी पाटी. वकील म्हणाला, खुर्ची मागवतो. धाकटीने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि पहिल्या पायरीवर काठी ठेवली. प्रत्येक वळणावर थांबायची, भिंतीला पाठ लावायची, श्वास घ्यायची, पुन्हा निघायची. वरून उतरणारी माणसं कडेला होऊन उभी राहायची. मी हात पुढे केला तर म्हणाली, कशाला, कठडा आहे ना.

साहेब म्हणजे एक बाईच निघाल्या. माझ्या लेकीच्या वयाच्या, सर्दीने नाक लाल झालेलं, समोर गरम पाण्याची बाटली. टेबलावर आमचा गठ्ठा उशीसारखा फुगून बसला होता. बाईंनी आम्हाला बसायला सांगितलं, नाक पुसलं आणि फोटो मध्ये ठेवला. आवाज बसलेला, पण शब्द कापून काढलेले. डॉक्टरांच्या पत्राप्रमाणे त्या महिन्यात उठता-बसता येत नव्हतं, आणि फोटोप्रमाणे अर्जदार खुर्चीत बसून काम करतायत. यातलं खरं काय ते सांगा, म्हणाल्या.

वकील खुर्चीतून अर्धा उठला. त्याचं असं की उभं राहिल्याशिवाय त्याला खोटं बोलता येत नाही. त्याचं तोंड उघडणार एवढ्यात धाकटीने त्याच्या मनगटावर हात ठेवला. 

"फोटो त्याच महिन्यातला आहे," ती म्हणाली. "मी काम करत नव्हते. सुई चिकटपट्टीने लावलेली आहे, नीट बघा, अंगठ्याच्या खाली दिसेल. मान माझ्या जावेने धरलीय."

शेजारच्या टेबलावरची टाइप करणारी मुलगी थांबली. टॅक्सवाल्याने डोळे मिटून घेतले. मला धाकटीचा असा राग आला की काय सांगू. एवढी तालीम केलेली सगळी वाया.

बाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला. मग माझ्याकडे पाहिलं. "ही हनुवटीखालची बोटं तुमची?"

आता काय, नाकारू? बोटात माझी अंगठी होती, तीच फोटोत चमकत होती. वकील म्हणाला होता कुणाच्या लक्षात येणार नाही. मी हात टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "माझीच. आणि पाठीमागचा हात दिसत नाही, तोही माझाच."

बाईंना हसू आलं की खोकला, ते कळलं नाही. पाणी प्यायल्या. मग धाकटीला म्हणाल्या की हे मी लिहून घेतलं तर कागदावर राहील. फोटो कंपनीला दाखवण्यासाठी काढला होता, म्हणजे कंपनीपर्यंत गोष्ट जाऊ शकते. तुम्हाला हे कळतंय ना?

"त्यांना काल सांगून आले," धाकटी म्हणाली.

वकिलाने तिच्याकडे बघितलं तसं त्याने लग्नातही बघितलं नसेल. बुटाचं तेल माझ्या डोक्यात आत्ता पेटलं. ही बया काठी टेकत बसकंपनीच्या डेपोपर्यंत गेली होती, आणि मॅनेजरसमोर उभी राहून आमचं सगळं बिंग स्वतःच्या तोंडाने फोडून आली होती. मॅनेजर काय म्हणाला ते तिने नंतर जिन्यात सांगितलं. तो म्हणे आधी रजिस्टर काढून तारखा बघायला लागला. मग म्हणाला की त्या महिन्यांतल्या सगळ्या सीटा उतरवून बघतो, पुढचं पुढे.

बाई थोडा वेळ पेन फिरवत बसल्या. त्यांनी विचारलं ते अगदी हळू विचारलं, सर्दीमुळे असेल. "फोटो आधीचा आहे म्हणाला असतात तर मला उलट पुरावा कुठून मिळाला असता? तुम्हाला रिफंड हवाय ना?"

"हवाय. माझं मशीन सोडवायचंय," धाकटी म्हणाली. मग तिने फोटो आपल्याकडे ओढला आणि त्याच्याकडे बघत बोलली, आमच्याकडे नाही. "हॉस्पिटलात नळी होती ते दिवस वाईट होते. पण हा दिवस त्याहून वाईट होता. मला मान धरता येत नव्हती आणि सगळे म्हणत होते, पूर्वीसारखी दिसतेस. बाहेर कुणाला माहीतच नाही की मी आजारी होते. जे मी भोगलं ते झालंच नाही असं झालंय. मॅडम, पैसे द्यायचे की नाही ते तुम्ही ठरवा. पण मी आजारी होते, हे एकदा कुठेतरी लिहिलं जाऊ दे."

मी या घरात माणसं जन्मताना पाहिली, मरताना पाहिली. नवऱ्याला पोचवून आले आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. माझ्या डोळ्यांत सहजासहजी काही येत नाही. त्या दिवशीही आलं नाही, बाईंची सर्दी लागली असेल. पण एवढं समजलं की ज्या बाईला मी वर्षभर भरवलं, पुसलं, उलटं-सुलटं केलं, तिचं हे दुखणं माझ्या हाताला कधी लागलं नव्हतं.

बाईंनी टाइप करणाऱ्या मुलीला खूण केली आणि माझा जबाब घ्यायला सांगितला. मी सांगत गेले, ती टकटक करत गेली, मग तिने वाचून दाखवलं. त्यात होतं, 'अर्जदारास नातेवाईकांनी आधार दिला होता.' मी म्हटलं, मुली, आधार लोक जिन्यात देतात. तिची मान मी हाताने धरून ठेवली होती, सोडली असती तर छातीवर पडली असती. तसं लिही. मुलीने बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, त्या म्हणतात तसं लिही. मग मी सही केली. वेळ लागला, पण कुणी घाई केली नाही, आणि सगळी अक्षरं ओळीत आली.

खाली उतरताना वकील पुढे झाला आणि एक शब्द बोलला नाही. हे आमच्या घराच्या इतिहासात पहिल्यांदा. दुसऱ्या वळणावर तो थांबला, धाकटीची वाट बघितली आणि विचारलं, "मी छान दिसतेस म्हणालो, तेव्हाच का नाही बोललीस?"

"आवाज धड कुठे फुटत होता?" ती म्हणाली. "पापण्या मिटल्या होत्या. एकदाच. तू कॅमेऱ्यात बघत होतास."

त्याने काठी तिच्या हातातून घेतली आणि आपला खांदा पुढे केला. तिने तो घेतला. मी कठडा धरून मागून उतरले. माझेही गुडघे काही नवे नाहीत.

माफी मिळाली. कागद आला तो टॅक्सवाल्याने स्वतः आणून दिला आणि दोन्ही हात जोडून म्हणाला की माझ्या उभ्या आयुष्यात असा जबाब मी ऐकला नाही. मी म्हटलं, आयुष्य अजून उभं आहे, तारखा तेवढ्या लक्षात ठेवा. कागदात काय लिहिलंय ते धाकटीने वाचून दाखवलं. गंभीर आजारामुळे अर्जदार अंथरुणास खिळून होत्या, ही बाब सिद्ध होते. ती ओळ तिने पुन्हा वाचली, मनातल्या मनात, मग कागद घडी करून डॉक्टरांच्या फायलीत ठेवला. टॅक्सच्या फायलीत नाही. रिफंड पुढे जमा झाला, वर्ष संपायच्या आधी. वकील आणि तीन माणसं मशीन उचलून घेऊन आली आणि त्याच्या जुन्या जागी, जमिनीवर पडलेल्या चार खड्ड्यांत, ते बरोबर बसलं.

त्याच आठवड्यात डेपोचा टेम्पो दारात लागला. आमच्या सीटा होत्या, आजारपणातल्या. टाके सुटलेल्या, कोपरे वर आलेल्या, एकीचा तर फोम जीभ काढल्यासारखा बाहेर. टेम्पोवाल्याने मॅनेजरचा निरोप सांगितला. या पुन्हा करून द्यायच्या, फुकट. त्या बघून मग पुढच्या वर्षाचं ठरवेन. आणि बाईंना सांगा, बसून काम करा, घाई नाही.

सीटांचा ढीग दुकानात मावेना. धाकटीने वरची एक घेतली, शिवणीवरून बोट फिरवलं, थांबली, पुन्हा फिरवलं.

"ताई, ही तुमची?"

"कशावरून?"

"इथून निघालीय आणि कुठे पोचलीय तिला तरी माहीत आहे का?"

माझ्या शिवणीला असं आजवर कुणी बोललेलं नाही. मी सांगितलं की तुझी मान धरायला एक हात गुंतला होता, उरलेल्या एका हाताने एवढीच सरळ येते, आणि मशीनही तुझं नव्हतं, उनाड होतं. ती हसली. आजारानंतर तिचं हसणं डावीकडे जरा उशिरा पोचतं. मग तिने ब्लेड माझ्या हातात दिलं.

"स्वतःची स्वतः उसवा. मी शिवते."

मी या घरातली थोरली. किल्ल्या माझ्या कमरेला. मला काम सांगणारा माणूस जाऊन कितीतरी वर्षं झाली. मी खाली बसले, सीट मांडीवर घेतली आणि उसवायला लागले. समोर धाकटी मशीनवर बसली. पूर्वी ती कापड न बघता शिवायची, आता बघून शिवते. हात थरथरला की थांबते, तळवा मांडीवर दाबून धरते, पुन्हा सुरू करते. शिवण मात्र तशीच, दोरी ओढून आखल्यासारखी. माझ्या एका सीटेला तिला जितका वेळ लागत होता तितक्यात पूर्वी तिने तीन केल्या असत्या. ते तिलाही माहीत होतं, आणि तिचा पाय चालूच होता.

संध्याकाळी ताडपत्रीवाला दारात येऊन उभा राहिला. आपण सोडलेल्या वस्तूकडे माणूस बघतो तसं बघत होता. म्हणाला, माझ्याकडे हे मशीन एवढं गुपचूप कधी चाललं नाही.

धाकटीने मान वर केली नाही. म्हणाली, "तेल घालत नव्हता तुम्ही."